हिरवा थेंब

बायकांचा हात हलका असतो म्हणून त्यांना अलाइनमेंटला घेतात, असं आमच्या कारखान्यात येणाऱ्या पाहुण्यांना सांगितलं जायचं. पाहुणे माना डोलवायचे. एखादा आमच्या बोटांकडे वाकून बघायचा, जणू आम्ही रांगोळी काढतोय. मला तेव्हाही ते डोक्यात जायचं आणि आज कुणी म्हटलं तरी जातं. घड्याळजी पुरुषच असतात, सोनारही पुरुषच असतात, त्यांचे हात कुणाला जड वाटत नाहीत. आम्हाला घेतलं कारण आम्ही कमी पगारात यायचो आणि उलट बोलत नाही असा त्यांचा समज होता. पगाराचं खरं होतं. उलट न बोलण्याचं काही वर्षं खरं होतं.

आमच्या सोसायटीच्या मंडळाने दिवाळी अंकासाठी माझ्याकडे कारखान्यातल्या रम्य आठवणी मागितल्या. मी म्हटलं, रम्य नाहीत, रागाच्या आहेत, चालतील का? त्यांना वाटलं मी विनोद केला. तेव्हा हे घ्या.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातला तो ट्रान्झिस्टर रेडिओचा कारखाना आता नाही, म्हणून त्याचं नाव सांगण्यातही अर्थ नाही. लालबागची खोली सोडून आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा इथे इमारती कमी आणि चिखल जास्त होता. मी आयटीआयला रेडिओचा कोर्स केला होता. घरापासून जवळ नोकरी म्हणून अर्ज टाकला आणि लागले. पुढची सगळी तरुण वर्षं तिथेच गेली.

अलाइनमेंट म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

भरलेला हंडा कडेवर घेऊन चाललेल्या बाईला विचारा. एका ठरावीक चालीत पाणी शांत राहतं. चाल जरा बदलली की आतलं पाणी डचमळायला लागतं, आणि एक चाल अशी असते की प्रत्येक पावलाला ते आणखी उसळतं, शेवटी काठावरून अंगावर सांडतं. तुम्ही जोर लावलेला नसतो. फक्त तुमच्या पावलाची गती आणि पाण्याच्या हेलकाव्याची गती एक झालेली असते. पाणी कमी-जास्त केलं तर ती चालही बदलते.

रेडिओत पाण्याच्या जागी वीज असते. तारेचं एक वेटोळं, त्याला आम्ही कॉइल म्हणायचो, आणि सोबत एक कंडेन्सर. कंडेन्सर वीज साठवतो आणि कॉइलकडे ढकलतो, कॉइल ती परत त्याच्याकडे फेकते, अशी दोघांत ये-जा चालते. त्या ये-जा करण्याची त्या जोडीची स्वतःची एक गती असते. हवेतून तर शेकडो स्टेशनं एकाच वेळी येऊन आदळत असतात. त्यातलं ज्याचं पाऊल या जोडीशी जुळेल तेवढंच उसळतं, बाकीची येतात आणि विरून जातात. पुस्तकात याला अनुनाद म्हणतात, कारखान्यात रेझोनन्स. तुम्ही रेडिओची खुंटी फिरवता तेव्हा आत कंडेन्सरच्या पात्या एकमेकींत सरकतात आणि गती बदलते, म्हणजे हंड्यातलं पाणी कमी-जास्त होतं. बस, एवढंच. याला लोक जादू म्हणायचे.

पण खुंटी एक आणि आत अशा जोड्या अनेक. पत्र्याच्या बोटभर डब्यांत त्या बसवलेल्या असतात. प्रत्येक डबीच्या डोक्यावर आटे असलेला एक काळा कोअर असतो, तो आत-बाहेर केला की कॉइलची गती बदलते. सगळ्या डब्या एकाच गतीवर आणायच्या, हे आमचं काम. समोर सिग्नलचं यंत्र आणि काट्याचा मीटर. प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने कोअर फिरवायचा, काटा चढतो, चढतो, आणि मग उतरायला लागतो. म्हणजे शिखर मागे गेलं. तितकंच मागे यायचं. लोखंडी स्क्रूड्रायव्हर चालत नाही, कारण लोखंड जवळ आल्यानेच कॉइलची गती ढळते. काटा शिखरावर बघून तुम्ही समाधानाने स्क्रूड्रायव्हर बाहेर काढता आणि काटा खाली.

हे न कळल्यामुळे नाशिकचा एक व्यापारी एकदा रेडिओची अख्खी खोकी घेऊन दारात उभा राहिला. एकही सेट धड वाजत नाही म्हणून तो आरडाओरडा करत होता. उघडून बघितलं तर प्रत्येक डबीचा कोअर तळापर्यंत पिळलेला. मी विचारलं तर अभिमानाने म्हणाला, तुमच्याकडून सगळे स्क्रू ढिले राहिले होते, मीच दुकानात बसून घट्ट केले. आम्ही ते सगळे सेट पुन्हा जुळवून दिले. त्याने आभार मानले नाहीत. जाताना मॅनेजरना सांगून गेला की पोरींकडून स्क्रू नीट आवळून घेत जा.

असे नग पुष्कळ आले. त्यांच्यावरचा राग संध्याकाळपर्यंत टिकायचा नाही. मला सांगायचं आहे ते चांगुणाचं.

चांगुणा सानपाडा गावची. आम्ही फ्लॅटवाल्यांनी नवी मुंबई म्हटलं की डोळ्यांसमोर रुंद रस्ते यायचे. त्या रस्त्यांखाली तिच्या वडिलांची भाताची खाचरं होती आणि खाडीच्या अंगाला मिठागर होतं. जमीन गेली तेव्हा घरटी नोकरी देऊ असं सांगितलं गेलं होतं. तिचा भाऊ आधीच गोदीत कामाला होता, म्हणून ती नोकरी चांगुणाच्या वाट्याला आली. मॅट्रिकपर्यंत शिकलेली, लग्न होऊन एक मुलगी झालेली, नवरा आजारी. पहिल्या दिवशी तिला सुपरवायझरने विचारलं, तुला यंत्र समजेल का? ती म्हणाली, "माझे बापाचे शेतावर ठेवलाय तुमी यंत्र. बघू द्या तरी काय हाय ते."

माझ्या शेजारची जागा तिला मिळाली. शिकवायचं माझ्याकडे आलं. पहिल्या आठवड्यात तिने दोन-तीन कोअर फोडले, जसे सगळ्याच फोडतात. मग हात बसला. माझ्यापेक्षा ती चांगली होती असं काही मी म्हणणार नाही. आम्ही सगळ्या सारख्याच होतो, काम करून करून तयार झालेल्या. पण ती गाणं म्हणत काम करायची आणि तिचं बोलणं ऐकायला मजा यायची. दुपारच्या डब्यात सुकटीची चटणी असली की माझ्या भाकरीवर विचारल्याशिवाय घालायची.

आमची खोली म्हणजे जाळीचा पिंजरा होता. बाहेरची स्टेशनं आत शिरून घोटाळा करू नयेत म्हणून चारी भिंतींना आणि छताला तांब्याची जाळी मारली होती. अख्ख्या कारखान्यात मॅनेजरची खोली सोडली तर आमच्याकडेच एअरकंडिशनर होता. तो यंत्रांसाठी होता, हे आम्हाला वारंवार सांगितलं जायचं. दार बंद ठेवावं लागे, त्यामुळे शिफ्ट चालू असताना बाहेर जायला सुपरवायझरची परवानगी लागायची. बाथरूमला जायलासुद्धा. पोटुशी बाई असो की कुणीही. आम्ही पाणी कमी प्यायला शिकलो होतो. आज डॉक्टर मला विचारतात, किडनीचा त्रास कधीपासून? मी काय सांगू त्यांना.

चांगुणा पाणी कमी प्यायला तयार नव्हती. ती उठायची आणि जायची. सुपरवायझर त्यावरून बोलला तर ती त्याच सुरात दुसरा विषय काढायची. जमिनीच्या बदल्यात कायम नोकरी देणार म्हणाला होतात, मग मना दर काही महिन्यांनी कागद बदलून टेंपरवारी का ठेवता? गावातल्या आणखी बायका होत्या बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सोल्डरिंगला, पॅकिंगला. त्या तिच्याभोवती जमायला लागल्या. एकदा मॅनेजर, म्हणजे आमचे कर्णिकसाहेब, गाडीतून उतरत असताना या सगळ्या जणी समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि चांगुणाने सरळ विचारलं, कायम कधी करता. कर्णिक हसले, बघू म्हणाले आणि आत गेले. ते हसणं मी बघितलं होतं. त्यानंतरच ती त्यांच्या डोळ्यांत सलायला लागली असणार.

त्याच सुमाराला सेट नापास व्हायला लागले.

आमच्या खोलीतून जुळवून गेलेला सेट शेडमध्ये शेवटच्या तपासणीला जायचा. तिथे आवाज बारीक, स्टेशन पट्टीवर भलत्याच आकड्याला, दोन स्टेशनं एकमेकांत मिसळलेली. आधी थोडे, मग रोज ढीग. सणाचा माल जायचा होता. टीव्हीचे अँटेना गच्च्यांवर दिसायला लागले होते आणि रेडिओवाल्यांना आधीच धास्ती होती. व्यापाऱ्यांच्या तक्रारी आल्या. वरून विचारणा झाली. दोष अडकवायला कुणाचा तरी गळा हवा होता.

सेट जुळवला की प्रत्येक कोअरवर आम्ही लाखेचा एक रंगीत थेंब टाकायचो, तो सुकला की कोअर हलत नाही. प्रत्येकीचा रंग वेगळा, कुणी काय जुळवलं ते कळावं म्हणून. माझा पिवळा. पनवेलची झुबेदा माझ्या मागच्या टेबलावर बसायची, तिचा निळा. चांगुणाचा हिरवा.

एका सकाळी कर्णिकांनी तिला बोलावलं आणि समोर सेट मांडले. सगळ्यांवर हिरवे थेंब. नोकरी कायम करत नाही म्हणून सूड घ्यायला हिने मुद्दाम कोअर चुकीचे फिरवले, असा आरोप. तिथल्या तिथे तिला कामावरून बाजूला केलं आणि चौकशी लावली. नापास झालेल्या ढिगात पिवळेही होते, निळेही होते. मी स्वतः शेडमध्ये जाऊन बघितले होते. निवडून काढताना हिरवे तेवढे काढले.

मी तापले. त्याच दिवशी नापास ढिगातला माझाच एक सेट उचलून आणला आणि आमच्या खोलीत मीटरला लावला. काटा शिखरावर. काही बिघाड नाही. मग तो सेट शेडमध्ये नेऊन पत्र्याखालच्या खिडकीत ठेवला. डोक्यावर सिमेंटचे पत्रे, उन्हाची वेळ. हात लावून बघितला तर गरम झालेला. परत आणून लगेच मीटरला लावला तर काटा अर्ध्यावर. तसाच थंड खोलीत राहू दिला, तर आपला आपण हळूहळू वर चढला. कोअरला कुणी बोटही लावलं नव्हतं.

याचं कारण डबीच्या आत होतं. कॉइल तापली की तिची गती थोडी ढळतेच. चांगल्या प्रतीचा कंडेन्सर तापला की तो उलट दिशेला तेवढाच ढळतो, आणि दोघं मिळून गती सांभाळतात. नवरा चिडला की बायकोने गप्प बसावं असं आपल्याला शिकवतात ना, तसं. मधे कधीतरी कंडेन्सरचा स्वस्त माल आला होता. तो तापला की कॉइलच्याच दिशेने पळायचा. दोघंही चिडलेले. मग संसार कसला टिकतो? आमच्या खोलीच्या गारव्यात जुळवलेला सेट शेडच्या उकाड्यात विस्कटणारच. लोकांच्या घरात तर आणखी.

मला वाटलं, मी मोठा शोध लावला. तशीच क्वालिटी खात्यातल्या सुर्व्यांकडे गेले. सुर्वे इंजिनिअर होते, वयाने माझ्याएवढे, सभ्य. आम्हाला अहो-जाहो करणारे तेवढेच एक. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले की हे त्यांना माल आला त्याच आठवड्यात कळलं होतं. त्यांनी कर्णिकांना सांगितलंही होतं. कर्णिक म्हणाले, घेतलेला माल संपेपर्यंत यावर बोलायचं नाही.

मी विचारलं, मग चांगुणा?

सुर्वे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "साळवीताई, चौकशी आहे ना. तिथे होईल सगळं बाहेर."

मी मूर्ख होते, मला ते खरं वाटलं. त्यांना माहीत आहे, आता मलाही माहीत आहे, म्हणजे झालंच. माहीत असणं आणि बोलणं यांत केवढं अंतर असतं ते मला तोपर्यंत कळलेलं नव्हतं.

चौकशी कर्णिकांच्या खोलीतच झाली. कर्णिक, एक बाहेरचा वकील, सुर्वे आणि भिंतीशी चांगुणा. तिला बसायला खुर्ची दिली नव्हती. मी साक्षीला म्हणून गेले होते. बरोबर सेट घेऊन गेले. म्हटलं, हा सेट तुमच्या खिडकीत उन्हात ठेवा, चहा होईपर्यंत थांबा आणि मग मीटरला लावा. तुमच्याच डोळ्यांनी बघा.

कर्णिकांनी सेटकडे पाहिलंही नाही. त्यांनी मला विचारलं की तुमचं शिक्षण काय. मी सांगितलं. ते वकिलाकडे बघून म्हणाले की तांत्रिक गोष्टीवर मत द्यायला आपल्याकडे इंजिनिअर आहेत. मग सुर्व्यांना विचारलं. उन्हाने असं होऊ शकतं का?

सुर्वे टेबलाच्या काचेकडे बघत होते. म्हणाले, "निश्चित असं काही सांगता येणार नाही."

मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याने मान वर केली नाही. आजही मला त्याच्या टाळूवरचा भांग आठवतो, कारण बाकी काही दिसतच नव्हतं.

मग कर्णिकांनी चांगुणापुढे कागद सरकवला. आवाज एकदम मऊ. चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढं लिहून सही कर, म्हणजे पॅकिंगला घेतो. लहान मुलगी आहे ना तुला, विचार कर. तिच्या भावालाही त्यांनी बोलावून ठेवलं होतं. तो दारात उभा राहून तिला खुणावत होता, कर सही.

चांगुणाने कागद वाचला. पूर्ण वाचला, सावकाश. मग तो परत सरकवला आणि सुर्व्यांकडे बघत म्हणाली, "यांना ठाव हाय. यांचे तोंडावर दिसतंय. मी कोअर फिरवला नाय. जे केला नाय त्याची माफी मी मागनार नाय. आमची जमीन घेतलीत, आता माझा नावपन घेनार का?"

ती स्वतःच दार उघडून गेली. भाऊ तिच्या मागून काहीतरी बडबडत गेला.

दुसऱ्या दिवशीही तिची जागा रिकामी, आता कायमची. तिची रंगाची बाटलीही सुपरवायझर उचलून घेऊन गेला होता. आम्ही कामाला बसलो. मी अलाइनमेंट करत होते पण रागाने मला काटा दिसत नव्हता. आम्ही चार बायका कामाला नकार देऊन बाहेर बसलो असतो तर चौघींना काढून दुसऱ्या चार घेतल्या असत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. प्रत्येकीच्या घरी काही ना काही होतं.

तेवढ्यात झुबेदा उठून माझ्या टेबलाशी आली. ही बाई वर्षानुवर्षं माझ्या मागे बसली पण कामाव्यतिरिक्त चार शब्द बोलली नसेल. तिने तिची निळ्या रंगाची बाटली उघडली आणि माझ्या पिवळ्या बाटलीत अर्धी ओतली. काडीने ढवळली. रंग हिरवा झाला. चांगुणाचा होता त्याहून थोडा काळपट, पण हिरवाच. म्हणाली, "आता ओळखा म्हणावं." आणि जाऊन बसली.

मी त्या हिरव्याचा थेंब टाकला. बाटली पुढच्या टेबलावर दिली. ती तिथून पुढे गेली. दुपारपर्यंत त्या खोलीतून निघणाऱ्या प्रत्येक सेटच्या प्रत्येक कोअरवर हिरवा थेंब होता. आणि अलाइनमेंट आम्ही अगदी चोख केली. कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये म्हणून काटा दोन-दोनदा तपासला.

शेडमध्ये ते सेट नापास होत राहिले. रंगावरून बघायचं तर जिला काढलं तिच्या हाताचे, आणि तेही ती गेल्यावर. ढीगच्या ढीग, हिरवे.

कर्णिक खोलीत आले तेव्हा त्यांचं तोंड लाल झालं होतं. हे कुणी केलं, त्यांनी विचारलं. आम्ही कामं थांबवली नाहीत. ते एकेकीपुढे जाऊन उभे राहिले. झुबेदापुढे उभे राहिले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, रंग संपले होते, जो होता तो वापरला. पुढच्या दिवशी सगळ्यांना पांढरा रंग दिला गेला. पण तोवर संध्याकाळच्या गारव्यात पास झालेले हिरव्या थेंबांचे काही सेट व्यापाऱ्यांकडे गेले होते, ते थोड्या दिवसांत परत आले, आणि त्यांच्या तारखा चांगुणाला बाहेर काढल्यानंतरच्या होत्या. वरच्या ऑफिसातून कुणीतरी आलं. काय बोलणं झालं आम्हाला कळलं नाही. कळलं ते इतकंच की स्वस्त कंडेन्सरची खोकी एका टेम्पोत भरून परत गेली, आणि नव्या मालाबरोबर सेट पुन्हा पास व्हायला लागले.

मला पॅकिंगला पाठवलं. कारण काही दिलं नाही. पत्र्याखाली उभं राहून खोक्यांना पट्ट्या लावायच्या. पुढे नव्या मुलींना शिकवायला कुणी मिळेना तेव्हा परत बोलावलं, तेही जणू उपकार केल्यासारखं. झुबेदाची पगारवाढ अडवली. तिने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही.

आणि चांगुणाला कर्णिकांनी निरोप पाठवला की कामावर ये. ती आली. मी फाटकाजवळच होते. स्वच्छ लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. कर्णिकांच्या माणसाने तिला आत यायला सांगितलं. ती म्हणाली, आधी साहेबांना बाहेर बोलवा. मी काही केलं नव्हतं असं त्यांना या सगळ्यांसमोर सांगू द्या, मग येते. माणूस आत गेला. बाहेर येऊन म्हणाला, साहेब म्हणतात झालं गेलं विसर, यायचं तर ये.

ती वळली आणि चालायला लागली. मी मागे धावले. म्हटलं, चांगुणा, नोकरी सोडू नको, नवरा आजारी आहे तुझा. ती थांबली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण परत वळली नाही.

त्या वेळी मला तिचाही राग आला होता, हे लिहून टाकते. एक वाक्य ऐकून घ्यायला नोकरी घालवली म्हणून. घरी जाऊन मी भांडी आपटली. यजमान म्हणाले, तुला कुणाचा राग आलाय ते तरी ठरव. ते ठरायला मला काही दिवस लागले. एक वाक्य बोलायला कर्णिकांना काही मोजावं लागत नव्हतं. फुकट होतं ते. फुकटची गोष्ट त्यांनी दिली नाही आणि चांगुणाने त्या गोष्टीसाठी सगळं दिलं, आणि मी हिशेब तिच्याकडे मागत होते.

काही वर्षांनी कारखाना बंद पडला. रेडिओ कुणी घेईना. कर्णिक त्याआधीच मोठ्या हुद्द्यावर दुसरीकडे गेले होते. त्यांना निरोप समारंभ झाला, हार घातले, त्यांच्या कार्यकुशलतेवर भाषणं झाली. मी गेले नाही.

चांगुणा सानपाड्याच्या नाक्यावर मासळी विकायला बसायला लागली. मी दर रविवारी तिच्याकडून घ्यायची. तिथे उभ्या उभ्या आमच्या गप्पा व्हायच्या. मुलगी शाळेत हुशार निघाली. नवरा गेला. ती कारखान्याचा विषय काढत नसे, मीच काढायची.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, वाशीला एका डॉक्टरच्या दवाखान्यात सुर्वे भेटले. केस पांढरे झाले होते, एकटेच बसले होते. त्यांनीच ओळखलं. इकडचं तिकडचं झालं आणि मग ते आपणहून म्हणाले, साळवीताई, तेव्हा मी बोलायला हवं होतं. इतकी वर्षं झोप लागत नाही म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

त्यांना वाटलं असेल, मी म्हणेन जाऊ द्या हो. मी म्हटलं, "मला कशाला सांगताय? ती सानपाड्याच्या नाक्यावर बसते, रोज सकाळी. तिला सांगा."

ते हो हो म्हणाले. नक्की जातो म्हणाले. त्यांचा नंबर पुकारला आणि ते आत गेले. मी धरून चालले होते की हा माणूस जाणार नाही.

दोन-चार रविवारांनी मी कोलंबी निवडत होते तेव्हा चांगुणा म्हणाली, तो सुर्वे येऊन गेला. मी विचारलं, काय म्हणाला?

म्हणाली, काही नाही. समोर उभा राहिला, इकडे बघ, तिकडे बघ. मग टोपलीत निवट्या होत्या त्यांच्याकडे बोट दाखवलं. खाडीच्या चिखलातले बोटभर निसरडे मासे ते, आमच्यासारख्यांच्या घरात ते धड साफही करता येत नाहीत. चांगुणाने मुद्दाम दुप्पट भाव सांगितला. त्याने घासाघीस न करता पैसे दिले. पिशवी घेऊनही थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग गेला.

मी चिडून म्हटलं, अगं मग तू तरी बोलायचंस. ओळखलं होतंस ना?

"आला तवाच वळखला," टोपलीवर पाणी शिंपडत चांगुणा म्हणाली. "मी वाट बघली, बोलंल म्हनून. मी बोललेली ना त्यांचे टेबलासमोर. आता पाळी त्याची होती."